शेवटचा डोस कधी घेतला?

ज्या माणसाच्या शरीराला अफूवर्गातले औषध रोज लागते, त्याला शस्त्रक्रियेसाठी भूल देताना भूलतज्ज्ञाचे नेहमीचे गणित दोन्ही बाजूंनी चुकते. इतरांना पुरणारी वेदनाशामकाची मात्रा त्याला पुरत नाही. ती पुरत नाही म्हणून हात सैल सोडला, तर श्वास मंदावून थांबण्याची भीती असते. आणि काहीच दिले नाही, तर ऑपरेशन चालू असताना किंवा ते संपल्या संपल्या शरीर त्या औषधासाठी बंड करून उठते. ही कसरत साधायची तर रुग्ण काय घेतो, किती घेतो आणि शेवटचे केव्हा घेतले, हे आधी कळावे लागते. नेमके तेच रुग्ण आणि त्याच्या घरचे सहसा लपवतात.

खसखशीच्या कच्च्या बोंडाला चीर दिली की चीक पाझरतो; तो वाळला की अफू. जर्मन औषधनिर्माता सर्टुर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत अफूतून मॉर्फीन वेगळे काढले. मॉर्फीनवर प्रक्रिया करून हेरॉइन बनते. १८९८ मध्ये बायर कंपनीने ते चक्क खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते. त्याचेच भेसळयुक्त, तपकिरी रूप म्हणजे १९८० च्या दशकात मुंबईच्या गल्ल्यांत पसरलेली गर्द किंवा ब्राऊन शुगर. खोकल्याच्या काही सिरपांतले कोडीन, हाड मोडल्यावर किंवा पाठ धरल्यावर दिले जाणारे ट्रामाडॉल, छोट्या दवाखान्यांतून सर्रास टोचले जाणारे पेंटाझोसिन आणि ऑपरेशन थिएटरातले फेंटानिल ही सगळी याच घराण्यातली. मेंदूत आणि मज्जारज्जूत एका विशिष्ट जातीची कुलपे असतात. ही औषधे म्हणजे त्या कुलपांना लागणाऱ्या वेगवेगळ्या किल्ल्या. काही पूर्ण फिरतात, काही अर्ध्याच फिरतात, काही आत शिरून नुसत्या अडकून बसतात. पुढचा सारा मामला या फरकावर चालतो.

रायगडच्या किनाऱ्यावर ‘ड्रग्ज’ हा शब्द गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला. उरण तालुक्यातल्या न्हावा-शेवा बंदरात ऑगस्ट २०२० मध्ये १९१ किलो हेरॉइन पकडले गेले. ज्येष्ठमधाच्या नावाखाली आलेल्या मालात, बांबूसारख्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत ते भरलेले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये याच बंदरात पुन्हा ज्येष्ठमधच निघाला, पण या वेळी कांड्यांवरच हेरॉइनचा लेप दिलेला होता. २०२३ च्या पावसाळ्यात श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर पाकिटे येऊन पडू लागली, त्यांत मात्र चरस होता. भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा. चरस, गांजा, एमडी (मेफेड्रोन) यांचेही भुलीवर परिणाम होतात, पण त्या किल्ल्या या कुलपाच्या नव्हेत. ‘तो ड्रग्ज घेतो’ एवढे सांगून भागत नाही ते यामुळेच. शिवाय बंदरातून जाणारा माल बंदराच्या गावात खपतो असेही नाही. न्हावा-शेव्याचे कंटेनर पुढे देशभर जातात, आणि त्या बातम्यांवरून किनाऱ्याच्या तरुणांना बदनाम करणे अन्यायाचे आहे.

तरीही असे रुग्ण असतात आणि बहुतेकांच्या अंदाजापेक्षा जास्त असतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, एम्सच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी सुमारे २.१ टक्के अफूवर्गातला एखादा पदार्थ घेत असल्याचे आढळले. एवढ्या मोठ्या देशात ते सव्वादोन कोटींच्या आसपास जातात. त्यात हेरॉइन ओढणारे किंवा टोचणारे तर आहेतच, पण औषधाच्या दुकानातली गोळी-सिरप घेणारेही जवळपास तेवढेच आहेत. शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणारा माणूस म्हणूनच नेहमी नशेबाजासारखा दिसेल असे नाही. कॅन्सरच्या वेदनेसाठी महिनोन्‌महिने मॉर्फीनच्या गोळ्या घेणारी आजी असते. पाठीच्या दुखण्यावर कुणीतरी एकदा लिहून दिलेले ट्रामाडॉल त्याच जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे आणणारा ट्रकचालक असतो. गर्द सोडून पाच वर्षे झालेला, आता रोज जिभेखाली एक गोळी ठेवणारा रिक्षावालाही असतो.

या सगळ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. रोज औषध मिळत गेले की शरीर त्याला सरावते आणि पहिल्या दिवशीचा गुण यायला महिन्याने दुप्पट मात्रा लागू लागते. पुढे शरीर त्या औषधाला धरूनच आपला समतोल बांधते आणि ते अचानक काढले तर कोसळते. याला शारीरिक अवलंबित्व म्हणतात. व्यसन ही याहून वेगळी, मनाची आणि वागण्याची गोष्ट: नुकसान दिसत असूनही त्या पदार्थामागे धावत राहणे. कॅन्सरच्या आजींना अवलंबित्व असते, व्यसन नसते. भुलीच्या वेळी मात्र त्यांचे शरीर गर्दुल्ल्याच्या शरीरासारखेच वागते, आणि हे ऐकून घरच्यांना धक्का बसतो. चौथी भानगड सर्वांत विचित्र आहे. दीर्घकाळ मोठ्या मात्रा घेतल्याने काहींची मज्जासंस्था उलट अधिक हळवी होते, साध्या स्पर्शानेही कळवळते. अशा माणसाला आणखी मॉर्फीन देणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

सरावण्यातही एक खोच आहे. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने सरावत नाहीत. वेदनेवरचा गुण आणि गुंगी लवकर ओसरते. श्वास मंदावण्याचा धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही. बद्धकोष्ठ आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक बाहुल्या तर जवळजवळ कायम राहतात. म्हणूनच वेदनेने विव्हळणाऱ्या माणसाचाही श्वास पडू शकतो.

औषध तुटल्यावर जे होते त्याला मुंबई-पुण्याचे व्यसनी ‘टर्की’ म्हणतात. इंग्रजीतून आलेला शब्द, पण अगदी मुरलेला. अंगावर उभा राहणारा काटा सोललेल्या कोंबडीच्या कातडीसारखा दिसतो, त्याच्याशी या शब्दाचा संबंध लावला जातो. आधी जांभया येतात, मग नाका-डोळ्यांतून पाणी, घाम, शहारे, पोटात मुरडा, जुलाब, हाडे पिळवटल्यासारखी दुखणे. बाहुल्या मोठ्या होतात, नाडी पळू लागते, रक्तदाब चढतो. हेरॉइनच्या बाबतीत हे साधारण सहा ते बारा तासांत सुरू होते, दोन-तीन दिवसांत कळसाला जाते आणि आठवड्याभरात ओसरते. मेथाडोनसारख्या लांब टिकणाऱ्या औषधात दीड-दोन दिवस काहीच दिसत नाही आणि मग त्रास सुरू होतो.

या वादळाची मुळे मेंदूच्या देठातल्या एका इवल्याशा निळसर ठिपक्यात असतात. नॉरअॅड्रेनालिन हे खळबळीचे रसायन तिथे तयार होते. अफूवर्गाची औषधे त्या ठिपक्याला दाबून ठेवतात. तो दाब झुगारण्यासाठी ठिपका हळूहळू अधिक जोर लावायला शिकतो. दाब अचानक उठला की तो सगळा जोर उसळून बाहेर येतो. रायगडातल्या डॉक्टरांना या चित्राची ओळख वेगळ्या वाटेने पटकन पटावी. महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर जे काम केले, ते याच प्रकारच्या रसायनांच्या पुराबद्दल होते: गार पडलेले हातपाय, दरदरून घाम, चढलेला रक्तदाब आणि मग हृदयावर येणारा ताण. प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरून त्यांनी विंचूदंशाच्या उपचाराची दिशा बदलली. ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात त्यांचे लेखन आले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टर्की विंचवाइतकी जीवघेणी नसते. धडधाकट तरुण त्यातून सहसा निभावतो. पण प्राझोसिन जसे त्या रसायनाची पोहोचण्याची जागा अडवते, तसे क्लोनिडिन आणि डेक्समेडेटोमिडिन ही औषधे ते रसायन सुटतानाच आवरतात, आणि टर्कीत भूलतज्ज्ञ त्यांचाच आधार घेतो.

आता एक नमुन्याचा प्रसंग पाहू. वडखळ-अलिबाग रस्त्यावर रात्री मोटारसायकल घसरून पंचविशीतल्या मुलाचे मांडीचे हाड मोडले आहे. अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले आहे. तरी डोक्याचा मार, रक्ताची सोय, व्हेंटिलेटरची खाट अशा अनेक कारणांनी रुग्णाला पनवेल, कामोठे किंवा मुंबईकडे हलवावे लागते. रस्त्याने अलिबाग ते मुंबई हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. अपघात, पहिला दवाखाना, एक्स-रे, रुग्णवाहिकेची वाट, पेणची गर्दी, मोठ्या रुग्णालयातली भरती असे करत टेबलावर पोहोचेपर्यंत सहज आठ-दहा तास जातात. जखमेचे घड्याळ सगळ्यांना दिसत असते, पण तेवढ्याच वेळात त्याच्या शेवटच्या पुडीचेही घड्याळ चालू असते, आणि त्याकडे कुणाचे लक्ष नसते.

पहाटे भूलतज्ज्ञ खाटेशी येतो. मोडलेल्या पायाच्या वेदनेने माणूस कळवळतो, घामाघूम होतो, पण जांभया देत नाही. हा मुलगा दर मिनिटाला जांभई देतो आहे. दंडावर काटा आहे आणि पंखा तर बंद आहे. सलाईन लावायला नर्सने तीनदा सुई टोचली, शीर मिळाली नाही. कोपराच्या खळगीत हात फिरवला तर सुंभासारखी कडक, बोटाखाली सरकणारी शीर लागते. नाकपुड्या लाल, ओलसर. टॉर्च मारला तर बाहुल्या बशीसारख्या. बाहेर बाकावर बसलेले वडील म्हणतात, “नाही हो डॉक्टर, सुपारीसुद्धा खात नाही.” वडील खोटे बोलत असतील असे नाही, त्यांना ठाऊकच नसेल. भूलतज्ज्ञ नातेवाइकांना बाहेर ठेवून परत खाटेशी येतो आणि विचारतो, “शेवटचे कधी घेतलेस?” घेतोस का, असे विचारले की उत्तर नाही असेच येते. कधी घेतलेस, असे विचारले की बहुतेकदा वेळ सांगितली जाते.

शेवटचे जेवण कधी झाले, हा प्रश्न भूलतज्ज्ञ कधीच चुकवत नाही, कारण भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसे जळतात. घट्ट जेवणानंतर सहा तास थांबण्याचा नियम त्यासाठीच. शेवटचा डोस हा प्रश्नही त्याच मानाचा आहे, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंधही आहे: अफूवर्गाची औषधे पोटाची हालचाल मंदावतात, त्यामुळे अशा माणसाचे पोट सहा तासांनीही भरलेले असू शकते. पोट भरलेलेच आहे असे धरून श्वासनलिकेत नळी झटपट घालण्याची पद्धत मग वापरली जाते. सुईने घेणाऱ्यांत कावीळ बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी, हृदयाच्या झडपांवर जंतुसंसर्ग आहे का याची चौकशी, मेथाडोन घेणाऱ्याचा ईसीजी हेही आलेच. शीर मिळत नसेल तर मानेतल्या मोठ्या शिरेत, सोनोग्राफीच्या मदतीने, नळी टाकावी लागते.

सर्वांत मोठा सापळा मात्र औषधांच्या ट्रेमध्येच असतो. पेंटाझोसिन, अर्थात ‘फोर्टविन’, हे आपल्याकडच्या छोट्या रुग्णालयांतले हातखंडा इंजेक्शन. मॉर्फीन-फेंटानिल ठेवायला मान्यता, नोंदवह्या, कुलूपबंद कपाट असा पसारा लागतो. म्हणून ओढा पेंटाझोसिनकडे, नाहीतर ब्युटोर्फेनॉलकडे. साध्या रुग्णाला त्याने बरे वाटते. पण ही अशी किल्ली आहे की ती मुख्य कुलपात शिरून आधीच्या पूर्ण फिरलेल्या किल्लीला हुसकावते आणि स्वतः फारशी फिरत नाही. रोज हेरॉइन किंवा मॉर्फीन घेणाऱ्याला पेंटाझोसिन दिले की काही मिनिटांत टर्की उफाळते, तीही हळूहळू चढणारी नव्हे, एकदम कळसाची. दुखण्यावर दिलेल्या इंजेक्शनने रुग्ण किंचाळू लागतो आणि कुणालाच कळत नाही काय झाले. नॅलोक्सोन या उताऱ्याचेही तसेच. श्वास पडला तर ते द्यावेच लागते, जीव वाचवते. पण ४०० मायक्रोग्रॅमची अख्खी अँप्युल एकदम न ढकलता, ती पातळ करून दहावा-दहावा भाग देत, श्वास परत येताच थांबायचे असते. ट्रामाडॉल निरुपद्रवी वाटते. पण मोठ्या मात्रेत त्याने झटके येतात. २०१८ पासून तेही अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे.

यावरचा नियम ऐकायला उलटा वाटतो: ऑपरेशनच्या दिवशी व्यसन सोडवायचे नाही. शरीराला रोज जेवढे लागते तेवढे मूळ औषध चालू ठेवायचे आणि शस्त्रक्रियेच्या वेदनेसाठीचे औषध त्याच्यावर वेगळे द्यायचे. मॉर्फीनच्या गोळ्या घेणाऱ्याने सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. पुडी घेणाऱ्याचा हिशेब अवघड, कारण पुडीत हेरॉइन किती आणि विटकरीची पूड किती हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. तिथे गणिताऐवजी नजर चालवावी लागते: थोडे द्यायचे, श्वास मोजायचा, बाहुल्या बघायच्या, पुन्हा थोडे द्यायचे. एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना कोष्टकाप्रमाणे येणारी मात्रा तशीच दिली जात नाही, बरीच कमी करून सुरुवात होते. एका किल्लीला सरावलेले कुलूप दुसरीला तितके सरावलेले नसते.

ब्युप्रेनॉर्फिनची गोष्ट वेगळी आणि मजेची आहे. व्यसनमुक्तीसाठी भारतातल्या सरकारी केंद्रांतून ही गोळी समोर बसवून जिभेखाली ठेवायला देतात. ही किल्ली कुलपात कमालीची घट्ट बसते, अर्धी फिरते आणि इतरांना आत येऊ देत नाही. त्यामुळे टर्की टळते आणि वरून गर्द ओढली तरी मजा येत नाही. मग ऑपरेशनच्या वेळी मॉर्फीन तरी कसे चालणार, या चिंतेने पूर्वी ती गोळी काही दिवस आधी बंद करायला सांगत. परिणाम असा व्हायचा की रुग्ण टर्कीत येई, घाबरून पुडीकडे वळे आणि कधीकधी ऑपरेशनला उगवतच नसे. अनुभवातून मत फिरले. अमेरिकेतल्या वेदना आणि भूलशास्त्राच्या संघटनांच्या तज्ज्ञांनी २०२१ मध्ये ही गोळी सहसा बंद करू नये असाच सल्ला दिला. मूळ गोळी चालू ठेवायची, हवी तर दिवसातून तीन-चारदा विभागून द्यायची, म्हणजे तिचा वेदनाशामक गुणही मिळतो, आणि वर फेंटानिलसारखे जोरकस औषध देता येते. सगळी कुलपे काही तिने व्यापलेली नसतात. इतका साधा बदल व्हायला इतकी वर्षे लागावीत, हे वैद्यकशास्त्राला फारसे भूषणावह नाही.

नाल्ट्रेक्सोनचा मामला याच्या नेमका उलट. ही किल्ली आत शिरते, मुळीच फिरत नाही आणि वाट अडवून बसते. तिची गोळी ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या साधारण तीन दिवस आधी थांबवावी लागते; महिनाभर टिकणारे इंजेक्शन असेल तर चार आठवडे मोजावे लागतात. इथे वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण हे औषध दारू सोडवण्यासाठीही दिले जाते. ज्याने आयुष्यात अफूला हात लावला नाही, पण दारूच्या उपचारासाठी जो नाल्ट्रेक्सोन घेतो, त्याच्यावर मॉर्फीनचा काडीचा परिणाम होणार नाही. आणि गोळी बंद करून काही दिवस झाले असतील, तर तोच माणूस मॉर्फीनला नेहमीपेक्षा अधिक हळवा असू शकतो.

प्रत्यक्ष भुलीत भूलतज्ज्ञाचा भर असतो तो कुलूप-किल्लीच्या बाहेरच्या वाटांवर. मांडीच्या हाडासाठी कमरेतली भूल, नाहीतर सोनोग्राफीत बघून मांडीच्या नसेभोवती सोडलेले बधिरीकरणाचे औषध, बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस चालू ठेवलेले. वेदनेचा निरोप वाटेतच अडतो, मेंदूपर्यंत जातच नाही. पण पाय दगडासारखा बधिर झाला म्हणून टर्की थांबत नाही, हे नवशिक्याच्या लक्षात येत नाही. नस झोपली तरी मेंदूतला तो निळा ठिपका जागाच असतो; मूळ औषध तरीही द्यावेच लागते. जोडीला यकृताकडे लक्ष ठेवून पॅरासिटामॉल, मूत्रपिंड चांगले असेल तर डायक्लोफेनॅक, आणि केटामाइन. हे १९६० च्या दशकातले जुने औषध वेदनेचा आवाज वाढवणारी वेगळीच कळ बंद करते, म्हणून सरावलेल्या आणि हळव्या झालेल्या मज्जासंस्थेवर अगदी छोट्या मात्रेतही छान चालते. ग्रामीण रुग्णालयांच्या कपाटात ते हमखास सापडते. नशेच्या बाजारातही सापडते, ही त्याची दुसरी बाजू; केटामाइनही कायद्याने नियंत्रित आहे.

भूल उतरल्यावर खरी परीक्षा वॉर्डात होते. रुग्ण वेदनाशामक मागतो, ड्यूटीवरच्यांना ते नाटक वाटते. इथे शंका घेणे सोपे आणि चुकीचे असते. सरावलेल्या शरीराला शस्त्रक्रियेनंतर इतरांच्या दीडपट-दुप्पट औषध लागणे ही अपेक्षित गोष्ट आहे, लबाडी नव्हे. दुखणे दाबून ठेवल्याने माणूस व्यसनातून सुटत नाही. तो दोन दिवसांत डॉक्टरांचा सल्ला धुडकावून घरी जातो आणि रस्त्यात पुडी घेतो. दुसऱ्या बाजूला, गुंगी वाढत चालली आणि श्वास मिनिटाला दहाच्या खाली आला, तर ‘याला सवय आहे’ म्हणून दुर्लक्ष करणे जिवावर बेतते. बोटावरचा ऑक्सिजन मोजणारा चिमटा आणि दर तासाला श्वास मोजणारी नर्स, एवढ्यावर इथे जीव तरतो.

खारघर रायगड जिल्ह्यातच येते, आणि तिथे टाटा मेमोरियल सेंटरचे कॅन्सर संशोधन व उपचाराचे मोठे केंद्र आहे. तिथून मॉर्फीनच्या गोळ्या घेऊन म्हसळ्या-मुरूडच्या गावी परतलेला रुग्ण घरात पडला आणि खुबा मोडला, तर त्याची फाइल त्याच्याबरोबर फिरायला हवी. मॉर्फीन मिळवणेच पूर्वी दुरापास्त होते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फीन, फेंटानिलसारखी आवश्यक औषधे मान्यताप्राप्त रुग्णालयांना ठेवणे सुटसुटीत झाले. घरच्यांनी लाजेने ‘साध्या दुखण्याच्या गोळ्या’ म्हटले की या सगळ्यावर पाणी पडते.

सगळ्यांत घाबरलेला असतो तो व्यसनातून बाहेर पडलेला. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांतून बरे होऊन गेलेली हजारो माणसे महाराष्ट्रात आहेत. अशा माणसाला एका इंजेक्शनने पुन्हा ओढ लागेल अशी भीती वाटते, आणि ती पोकळ नसते. त्याच्याशी आधीच बोलून ठरवावे लागते: नस बधिर करणे, साधी वेदनाशामके, आणि तरीही मॉर्फीन लागलेच तर किती दिवस, कोणत्या दिवशी बंद. घरी नेण्याच्या गोळ्या मोजून द्यायच्या आणि त्या बायकोच्या किंवा भावाच्या ताब्यात ठेवायच्या. एक गोष्ट मात्र निक्षून सांगावी लागते. काही आठवडे औषध तुटले की शरीराचा सराव उतरतो. रुग्णालयातून सुटलेल्याने जुन्याच मापाची पुडी घेतली तर तीच शेवटची ठरू शकते.

दुसरी भीती पोलिसांची असते. उपचारासाठी डॉक्टरांना सांगितलेली सवय ही रुग्णाची खासगी बाब आहे, आणि ती गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अमली पदार्थविरोधी कायद्यातले कलम ६४-अ तर अल्प प्रमाणात सेवनाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचारासाठी गेली, तर तिला खटल्यातून संरक्षण देते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही विनाशुल्क मदतवाहिनी आहे. घरात कुणी अशी औषधे घेत असेल आणि ऑपरेशन ठरले असेल, तर औषधाचे नाव, रोजचे प्रमाण आणि शेवटचा डोस घेतल्याची वेळ एका चिठ्ठीवर लिहावी. चारचौघांत बोलवत नसेल तर काहीच बोलू नये; वॉर्डाबाहेर भुलीच्या डॉक्टरांना गाठून ती चिठ्ठी त्यांच्या हातात द्यावी.